शाळेमागचं वारूळ

मुलांनो, वर्गात कुणाच्या हातून चूक झाली की आम्ही शिक्षक काय करतो? त्याला उभं करतो आणि म्हणतो, "काय झालं ते खरं खरं सांग बघू." आज उलटं आहे. आज तुम्ही बाकावर बसला आहात आणि मी उभी आहे. माझ्या हातून झालेली एक चूक मला तुम्हाला सांगायची आहे. ऐकून तुम्ही रागावलात तरी चालेल.

मी सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या एका लहानशा वाडीवर प्राथमिक शाळेत शिकवते. दोन खोल्यांची कौलारू शाळा. पुढे अंगण, मागे एक जुनं किंजळाचं झाड. झाडापलीकडे जमीन चढत जाते ती थेट सह्याद्रीच्या रानाला भिडते. मी मात्र मूळची घाटावरची. आमच्याकडे पाऊस बेताचा. लहानपणी उकिरड्यावर एखादी पांढरी छत्री उगवलेली दिसली की आई ओरडायची, "हात लावू नकोस, कुत्र्याची छत्री आहे ती!" त्यामुळे भूछत्र म्हणजे विष, एवढंच माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं. आणि वारूळ म्हणजे नागोबाचं घर. नागपंचमीला आईबरोबर जाऊन तिथं लाह्या वाहायच्या. त्यापुढे वारुळाबद्दल मी कधी विचार केला नव्हता.

२०१६ च्या दिवाळीनंतर मी या शाळेत रुजू झाले. पुढच्या एप्रिलमध्ये वार्षिक निकालाची कामं सुरू झाली, तेव्हा मी कोपऱ्यातलं लाकडी कपाट उघडलं आणि माझ्या पोटात गोळाच आला. खालच्या खणातल्या जुन्या हजेरीपुस्तकांचा पार भुगा झाला होता. पानं उचलावीत तर हातात माती यायची. वाळवी! शाळेचं जनरल रजिस्टर वरच्या खणात होतं म्हणून वाचलं. गावातल्या कितीतरी माणसांच्या जन्मतारखा त्यात आहेत. ते गेलं असतं तर?

मी मागच्या दारात येऊन उभी राहिले. समोर किंजळाच्या बुंध्याजवळ माझ्या कमरेएवढं वारूळ होतं. वाळवीचं घर! मला वाटलं, चोर सापडला. मुलं सुट्टीत मामाकडे गेल्यावर, मे महिन्यात, मी एका गड्याला बोलावलं. त्यानं पहारीनं वारूळ फोडलं, आत कीटकनाशक ओतलं आणि वरून माती सारखी केली. त्याची मजुरी मी माझ्या पर्समधून दिली आणि त्या रात्री अगदी शांत झोपले. कपाटातली वाळवी त्याच वारुळातली होती का? ते मी पाहिलं नव्हतं. कुणाला विचारलंही नव्हतं.

जूनमध्ये शाळा भरली. पाऊस लागला. माझा कोकणातला तो पहिलाच पावसाळा. आषाढ संपत आला तेव्हा तीन-चार दिवस धो धो कोसळून पावसानं जरा उघडीप दिली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत पोचले तर मुलं माझ्याआधीच हजर! आणि वर्गात नाही, शाळेच्या मागे. सगळी गप्प उभी. त्यांच्या पुढे चौथीतली एक मुलगी. तिचं खरं नाव सांगत नाही, तिला आपण चिमी म्हणू या. चिमीच्या हातात सागाचं मोठं पान होतं, द्रोणासारखं दुमडलेलं आणि रिकामं.

"काय झालं रे?" मी विचारलं.

कुणी बोलेना. शेवटी चिमीच म्हणाली, "बाई, हयसर दरवर्षी अळंबी येयत. रोवणीर." रोवण म्हणजे वारूळ, एवढं एव्हाना मला कळत होतं. मग तिनं त्या सपाट झालेल्या मातीकडे बघत हळूच विचारलं, "आता खयसून येतली?"

मला उत्तर देता आलं नाही. 'घंटा झाली, वर्गात चला' असं काहीतरी बोलून मी वेळ मारून नेली. तुम्ही गृहपाठ केला नसला की असंच काहीतरी बोलता ना?

संध्याकाळी चिमीची आजी शाळेच्या वाटेनं जाताना मला भेटली. मला वाटलं, आता ही बोलणार. पण ती बोलली ते ऐकून मला जास्तच लाजल्यासारखं झालं. ती म्हणाली, "बाई, तुमी मुद्दाम नाय केलात. तुमका ठावक नाय होता." मग तिनं मला एकेक गोष्ट सांगितली. शाळेमागच्या वारुळावरची अळंबी वाडीतल्या सगळ्या घरांत वाटली जायची, वाटे करून. ज्या वर्षी जास्त यायची, त्या वर्षी आजी थोडी बाजारात नेऊन विकायची. त्या पैशांत चिमीच्या वह्या यायच्या, कधी छत्री यायची. आणि या भागातली ग्रामदेवता सातेरी. तिची पूजा पुष्कळ ठिकाणी वारुळाच्याच रूपात होते, सिंधुदुर्गातही आणि गोव्यातही. गावातल्या सातेरीच्या देवळात मी दोनदा जाऊन आले होते. गाभाऱ्यात काय आहे ते पाहिलं होतं, नमस्कारही केला होता. पण देवळातलं वारूळ आणि शाळेमागचं वारूळ यांचा संबंध काही माझ्या डोक्यात आला नव्हता.

"उद्या सकाळी येशात माझ्यावांगडा?" आजीनं विचारलं. तिच्याबरोबर येणार का, असं. रविवार होता. मी हो म्हटलं.

पहाटे आम्ही तिघी निघालो. आजी पुढे, मध्ये चिमी, मागे मी. ऐन, किंजळ, कुंभा, जांभूळ अशी दाट झाडी. पानांवरून पाणी ठिबकत होतं. जांभ्या दगडावर हिरवंगार शेवाळ, पायाखाली कुजलेल्या पाल्याचा मऊ थर आणि त्याला येणारा ओल्या मातीचा वास. आजीनं एका जागी हात वर केला. एक वारूळ होतं. त्याच्या अंगावर, आजूबाजूच्या मातीत, पाल्याखालून डोकं काढून जिकडेतिकडे अळंब्या उभ्या होत्या. काही अगदी कळ्यांसारख्या मिटलेल्या, काही छत्रीसारख्या उघडलेल्या. रंग पांढरट करडा. प्रत्येकीच्या मध्यावर एक टोक, भाल्याच्या टोकासारखं. वरची घट्ट माती फोडून बाहेर यायचं म्हणजे टोक हवंच!

आजीनं चपला बाजूला काढल्या, वारुळाला हात जोडले आणि बसून एकेक अळंबी काढायला लागली. मिटलेल्या आणि अर्धवट उघडलेल्या तेवढ्या घेतल्या. पूर्ण उमललेल्या बऱ्याचशा तिथंच ठेवल्या. काठीनं उकरणं नाही, खणणं नाही. बोटांनी धरून हलकेच वळवून काढायची. मला मोह झाला. मी म्हटलं, "आजी, एवढ्या राहिल्या की! त्या पण घेऊ या."

आजी हसली. "सगळी काढूची नाय. मातयेक व्हयी ना!" मातीला नकोत का, असं ती म्हणत होती.

तेव्हा मला वाटलं, ही एक जुन्या माणसांची समजूत. पुढे मी पुस्तकं मिळवून वाचायला लागले, तेव्हा कळलं की आजीच्या त्या एका वाक्यात केवढं शास्त्र आहे! तेच आता तुम्हाला सांगते. नीट ऐका हं.

आधी अळंबी म्हणजे काय ते पाहू. ती झाड नाही. तिच्यात हरितद्रव्य नसतं, त्यामुळे तिला सूर्यप्रकाशात स्वतःचं अन्न बनवता येत नाही. ती कवक आहे. कवकांचं कुळच वेगळं, आणि गंमत म्हणजे ते वनस्पतींपेक्षा प्राण्यांना जास्त जवळचं आहे. खेकड्याच्या कवचात कायटिन नावाचा पदार्थ असतो ना, तोच कवकांच्या पेशींच्या भिंतींत असतो. आपल्याला दिसते ती छत्री म्हणजे कवकाचं फळ. आंब्याचं झाड मातीत गाडलेलं आहे आणि फक्त आंबे तेवढे वर आले आहेत, अशी कल्पना करा. खरं कवक पांढऱ्या, केसाहून बारीक धाग्यांच्या रूपात खाली पसरलेलं असतं.

मग आमच्या या अळंबीचे धागे कुठे असतात? वारुळाच्या पोटात! त्यांना तिथं वाढवतं कोण? वाळवी!

हो, वाळवी शेतकरी आहे. सगळ्या जातींची वाळवी नव्हे, पण आफ्रिकेत आणि आशियात काही जाती अशा आहेत की त्या कवकाची शेती करतात. वाळवी म्हणजे पांढऱ्या मुंग्या असं आपण म्हणतो, पण ती मुंगी नाहीच. ती झुरळाच्या नात्यातली. कामकरी वाळव्या रानातला सुका पाला, काटक्या, वाळलेलं लाकूड खाऊन घरी येतात. वारुळाच्या आत लहान लहान खोल्या असतात. तिथं त्या आपल्या विष्ठेचे बारीक गोळे एकावर एक रचतात. त्याचा भोकाभोकांचा, स्पंजासारखा एक गड्डा तयार होतो. हे त्यांचं शेत. या शेतात कवकाचे धागे वाढतात. लाकडातला जो चिवट भाग पचायला फार अवघड, तो कवक फोडून मऊ करतं. गड्ड्यावर खसखशीसारखे पांढरे मणी येतात. ते वाळव्या खातात, आणि जुना झालेला गड्डाही खातात. म्हणजे कवकाला घर, ऊब, ओलावा आणि आयतं खत. वाळवीला तयार अन्न. दोघांचाही संसार एकमेकांवर चाललेला. ही जोडी साधारण तीन कोटी वर्षांपूर्वी आफ्रिकेत जुळली असावी असं शास्त्रज्ञ म्हणतात. माणूस शेती करायला लागला त्याला जेमतेम दहा-बारा हजार वर्षं झाली. सांगा पाहू, जुना शेतकरी कोण?

पावसाळ्यात माती भिजली की याच गड्ड्यांमधून अळंबीचा देठ वर निघतो. खालचं शेत खोल असलं तर देठ मुळासारखा निमुळता होत हातभरही लांब जातो. म्हणून खणून काढण्याचा मोह होतो. पण खणलं तर काय होईल ते तुम्हीच सांगा. खालची शेतखोलीच फुटेल!

या अळंब्यांच्या गटाला शास्त्रात टर्मिटोमायसिस म्हणतात. साधा अर्थ, वाळवीचं कवक. हे नाव फ्रान्सचे शास्त्रज्ञ रोजर हाईम यांनी १९४२ मध्ये दिलं. पुढे १९७९ मध्ये भारतातल्या एका जातीला त्यांच्या सन्मानार्थ टर्मिटोमायसिस हाइमी असं नाव दिलं गेलं. आफ्रिकेतल्या झांबिया देशात याच गटातली एक जात आहे. तिची छत्री जवळजवळ एक मीटर रुंद होऊ शकते. 

आता आजीच्या वाक्याकडे येऊ. 'सगळी काढूची नाय.' का बरं? उमललेल्या अळंबीच्या छत्रीखाली पातळ पातळ पापुद्रे असतात. त्यांतून लाखो बीजाणू खाली झडतात आणि वारा-पाण्याबरोबर मातीत पसरतात. पहिल्या पावसानंतर संध्याकाळी दिव्याभोवती पंखवाले किडे गोळा होतात, पंख गळून पडतात, ते तुम्ही पाहिलं असेल. ती वाळवीची नवी राजा-राणी, नवं घर मांडायला निघालेली. त्यांची पहिली पिल्लं मोठी होऊन अन्न शोधायला बाहेर पडतात, तेव्हा बहुतेक जातींमध्ये ती रानातल्या मातीतून आणि पाल्यातून या कवकाचे बीजाणू घरी आणतात. ते मिळाले तरच नव्या घरात शेती सुरू होते. नाही मिळाले तर? बियाणंच नाही, मग पेरणार काय? आपण एकजात सगळ्या अळंब्या मिटलेल्या असतानाच खुडून नेल्या तर बीजाणू झडणार कुठून? म्हणून मातीला तिचा वाटा ठेवायचा. आजीनं हे पुस्तकात वाचलं नव्हतं. तिला तिच्या सासूनं सांगितलं होतं.

तुम्ही म्हणाल, "बाई, बाजारात डबीतून अळंबी मिळते की वर्षभर. हीसुद्धा तशीच पिकवायची!" नाही जमत. डबीतली बटण अळंबी किंवा धिंगरी मेलेल्या काडी-कचऱ्यावर, कुजवलेल्या खतावर वाढते. तिला जोडीदार लागत नाही, म्हणून ती शेडमध्ये पिकते. पण काही कवकं अशी आहेत की जोडीदाराशिवाय त्यांचं फळच धरत नाही. युरोप-अमेरिकेतल्या जंगलात शांतरेल नावाची एक छोटी अळंबी येते. अंड्याच्या बलकासारखी पिवळी, नरसाळ्याच्या आकाराची. तिला जर्दाळूसारखा वास येतो म्हणे. तिच्या भाऊबंद आपल्या हिमालयात आणि पश्चिम घाटातही आहेत. तिचं नातं झाडाच्या मुळांशी. ती झाडाला मातीतलं पाणी आणि क्षार मिळवून देते, झाड तिला साखर देतं. झाड तोडलं की ती गेली. आमच्या अळंबीचं नातं वाळवीशी. वारूळ मोडलं की ही गेली. रानातली अळंबी हवी असेल तर रानच ठेवावं लागतं. दुसरा उपाय नाही.

गोव्यातले कवकशास्त्रज्ञ डॉ. नंदकुमार कामत यांनी या वारुळावरच्या अळंब्यांचा पुष्कळ वर्षं अभ्यास केला आहे. ओरबाडून काढू नका, असं ते लोकांना सांगत आले आहेत. गोव्यातही हिला मोठी मागणी. पावसाळ्यात रस्त्याच्या कडेला पानांत बांधून विकायला ठेवलेली दिसते. मागणी वाढली की भाव वाढतो, भाव वाढला की खणणारे हात वाढतात.

आणि वाळवीचं काय? ती घरात शिरली तर नुकसान करते, हे खरंच. माझं कपाट मी विसरलेली नाही. पण जगात वाळवीच्या सुमारे तीन हजार जाती आहेत, आणि त्यांतल्या थोड्याच आपल्या घरादाराला त्रास देतात. बाकीच्या रानात राहून मेलेलं लाकूड, पडलेला पाला खातात आणि त्याची पुन्हा माती करतात. त्यांच्या बोगद्यांतून हवा आणि पाणी जमिनीत खोल जातं. त्या नसत्या तर रानात नुसत्या वाळक्या लाकडांचा ढीग साठला असता. घरातली वाळवी घरात थांबवावी. त्यासाठी रानातलं वारूळ फोडायचं नसतं.

आता एक गोष्ट फार महत्त्वाची. हे वाचून तुमच्यापैकी कुणी पिशवी घेऊन अळंबी शोधायला निघाला असाल, तर थांबा! आधी माझी दुसरी फजिती ऐका.

आजीबरोबर दोनदा रानात जाऊन आल्यावर मला वाटलं, आपल्याला आता सगळं कळतं. एके दिवशी शाळेच्या वाटेवर, गवतात, मला मोठमोठ्या पांढऱ्या छत्र्या दिसल्या. छान गोलाकार! मी ओच्यात घेतल्या आणि मोठ्या ऐटीत आजीच्या पडवीत नेऊन ठेवल्या. आजीनं एक नजर टाकली आणि ओरडली, "टाका ती आदी! आणि हात धुवा!" तिनं एक उलटी करून दाखवली. खालचे पापुद्रे हिरवट पडायला लागले होते. गवतात येणारी ही पांढरी छत्री क्लोरोफायलम नावाच्या गटातली असावी, असं मला पुढे पुस्तकातल्या चित्रावरून वाटलं. ती खाल्ली तर उलट्या-जुलाबांनी माणूस आडवा होतो. डीएड झालेल्या बाई आणि शाळेत न गेलेली आजी, दोघींमध्ये त्या दिवशी कोण पास झालं ते सांगायला नकोच!

म्हणून आई-बाबांनो, तुम्हीही हे वाचा. भाजीत चांदीचं नाणं टाकलं आणि काळं पडलं नाही, लसूण टाकली आणि निळी झाली नाही, किडे खातात म्हणजे चांगली, शिजवली की विष जातं, ही सगळी खोटी परीक्षा आहे. काही भूछत्रांचं विष शिजवूनही जात नाही. सर्वांत जहाल विषाचा त्रास तर लगेच होतही नाही. सहा ते चोवीस तासांनी उलट्या-जुलाब सुरू होतात, मग एखादा दिवस बरं वाटतं आणि तोवर आतून यकृत निकामी होत असतं. रानातली अळंबी खाऊन कुणाला काहीही त्रास झाला तर घरगुती उपाय करत बसू नका. ताबडतोब दवाखान्यात न्या आणि उरलेली अळंबी किंवा भाजी सोबत न्या. आणि मुलांनो, तुमच्यासाठी नियम एकच. रानातली अळंबी बघायची, चित्र काढायचं, पण तोडायची नाही आणि तोंडात तर मुळीच घालायची नाही. पिढ्यान्‌पिढ्या ओळखणारं माणूस सोबत असल्याशिवाय मोठ्यांनीसुद्धा नाही. हा लेख वाचून अळंबी ओळखता येत नाही, हे पक्कं लक्षात ठेवा.

त्या रविवारी आजीनं केलेली भाजी मी खाल्ली. कांदा, भाजलेल्या खोबऱ्याचं वाटप, सोबत तांदळाची भाकरी. चव कशी सांगू? पावसाची आणि रानाची चव असते तशी. पण घास घेताना माझ्या डोळ्यांसमोर ते रिकामं सागाचं पान येत होतं.

सोमवारी मी वर्गात मुलांना सांगितलं, "शाळेमागचं वारूळ मी मोडलं. माझं चुकलं." वर्ग एकदम शांत. मग दुसरीतला एक छोटा म्हणाला, "बाई, मग तुमी पण अंगठे धरूचे?" सगळे हसले. मीही हसले. अंगठे धरले नाहीत, पण शिक्षा मात्र घेतली. त्या वर्षी चिमीच्या वह्या मी आणल्या. आजीनं आधी घेतल्या नाहीत. "मेहरबानी नको," म्हणाली. "मेहरबानी नाही, भरपाई आहे," म्हटल्यावर घेतल्या. जनरल रजिस्टरसाठी पत्र्याचं कपाट आणलं, भिंतीपासून वीतभर दूर ठेवलं. फुटकी कौलं बदलून घेतली, कारण ओल आली की वाळवी येते, हे आता ठाऊक झालं होतं. आणि आम्ही शाळेची एक अळंबीची वही सुरू केली. दर पावसाळ्यात मुलं त्यात लिहितात. पाऊस कधी लागला, उघडीप कधी पडली, पंखवाली वाळवी कोणत्या संध्याकाळी उडाली, पहिली अळंबी कोणत्या दिवशी दिसली. फक्त एक गोष्ट त्या वहीत कधीच लिहायची नाही. कुठं दिसली ते! तो आजीचा नियम. जागा ज्याची त्यानं जपायची.

तुम्ही विचाराल, शाळेमागच्या वारुळाचं पुढे काय झालं?

किंजळाखालची ती जागा आम्ही काट्यांचं कुंपण घालून तशीच ठेवली. पाला पडतो तो पडू देतो, झाडत नाही. पहिली काही वर्षं तिथं साधं गवतसुद्धा नीट धरलं नाही.  मला वाटायचं, पुढच्या पावसाळ्यात नक्की येईल. नाही आली. त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. फोडायला एक दुपार पुरली होती. पुन्हा उभं राहायला किती वर्षं लागतील, हे माझ्या हातात नव्हतं. तीन वर्षांपूर्वी मात्र झाडाच्या दुसऱ्या अंगाला मुलांना मातीचा एक छोटा उंचवटा दिसला, वाटीएवढा. आता तो घमेल्याएवढा झाला आहे. कधी सकाळी पाहावं तर त्याच्या कडेला ओल्या, ताज्या मातीचा लेप दिसतो. म्हणजे आत कुणीतरी राबतंय! अळंबी मात्र अजून आलेली नाही. वाळवीचं घर भरभराटीला आल्याशिवाय ती यायची नाही.

चिमी आता कॉलेजात जाते. सकाळच्या एसटीसाठी शाळेवरूनच जाते. आषाढ संपत आला, पावसानं उघडीप दिली की फाटकाशी थांबते आणि विचारते, "बाई, इली काय?"

मी मागे जाऊन बघून येते आणि सांगते, "नाय गो, अजून नाय."

"येतली," ती म्हणते आणि एसटी गाठायला पळते.